गेलिक फुटबॉलमधील बरोबरीची कोंडी

आर्मा या आयरिश काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाने २०२२ ते २०२४ या तीन मोसमांत चार मोठे सामने गमावले आणि त्या चारांपैकी एकाही सामन्यात तो संघ प्रत्यक्ष खेळात हरलेला नव्हता. २०२२ च्या अखिल आयर्लंड उपांत्यपूर्व सामन्यात गॉलवेविरुद्ध जादा वेळ संपली तेव्हाही दोन्ही संघ समान गुणांवर होते आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गॉलवेने ४-१ अशी बाजी मारली. २०२३ च्या अल्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात डेरीने त्यांना ३-१ असे हरवले, त्याच वर्षीच्या उपांत्यपूर्व सामन्यात मॉनहनने ९-८ असे आणि २०२४ च्या अल्स्टर अंतिम सामन्यात डॉनेगॉलने ६-५ असे. हे सारे आकडे पेनल्टीचे आहेत. या चौथ्या पराभवानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, २८ जुलै २०२४ रोजी, याच आर्माने गॉलवेला एका गुणाने हरवून अखिल आयर्लंड विजेतेपदाचा सॅम मॅग्वायर चषक जिंकला. २००२ नंतरचे हे त्यांचे पहिले आणि एकूण दुसरेच विजेतेपद होते. त्यांचे प्रशिक्षक किरन मॅगीनी हे २००२ च्या विजेत्या संघाचे कर्णधार होते, ही आणखी एक योगायोगाची गोष्ट.

एका संघाच्या नशिबावरून नियमाची पारख करू नये हे मला मान्य आहे. तरीही बाद फेरीतील बरोबरी कशी सोडवावी, हा प्रश्न या चार सामन्यांमुळे जितका स्पष्टपणे समोर येतो तितका अन्य कशाने येत नाही. हा खेळ मी मुंबईत घरबसल्या पाहतो. उन्हाळ्यात आयर्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे तिथला दुपारी साडेतीनचा सामना इथे रात्री आठला सुरू होतो, आणि रविवारी जेवणाच्या आसपास पाहायला तो सोयीचा पडतो. कबड्डी आणि खो-खोवर वाढलेल्या माणसाला हा खेळ लवकर आवडतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात, काउंटी पातळीवरील सामना सत्तर मिनिटांचा असतो आणि मैदान १३० ते १४५ मीटर लांब असते. चेंडू हाताने धरता येतो, पायाने मारता येतो आणि मुठीने पुढे ढकलता येतो. गोलखांब रग्बीप्रमाणे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या खांबाखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल होतो आणि त्याचे तीन गुण मिळतात. आडव्या खांबावरून दोन उभ्या खांबांच्या मधून गेला तर एक गुण मिळतो. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण दिले जातात. गुणफलक मात्र गोल आणि गुण वेगवेगळे दाखवतो, म्हणजे २-९ याचा अर्थ दोन गोल आणि नऊ गुण, एकूण पंधरा. या खेळातील बहुतेक धावसंख्या, आपल्याकडचा शब्द वापरायचा तर, आडव्या खांबावरूनच येते आणि गोल तुलनेने विरळ होतात. अकरा मीटरवरून एकट्या गोलरक्षकासमोर मारायची पेनल्टी तर त्याहूनही विरळ. म्हणजे सत्तर मिनिटे आणि त्यावर जादा वेळेची वीस मिनिटे ज्या कौशल्यांवर सामना खेळला जातो, ती सारी शेवटच्या काही मिनिटांत बाजूला ठेवली जातात आणि जे काम खेळाडूला मोसमात क्वचितच करावे लागते त्यावर निकाल ठरतो.

यात एक गंमत अशी की, ही पद्धत ज्या खेळातून उचलली गेली त्या सॉकरशी, म्हणजे आपण ज्याला नुसते फुटबॉल म्हणतो त्या खेळाशी, गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे संबंध फार काळ वैराचे होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या सभासदांना १९७१ पर्यंत सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट हे परके खेळ खेळण्यास बंदी होती. आपले क्रिकेटही त्या काळ्या यादीत होते! त्या संघटनेने सॉकरकडून काही घ्यायचे ठरवले तर घ्यावे, त्यात वावगे काही नाही; परंतु सॉकरमध्ये गोल हीच एकमेव धावसंख्या असल्यामुळे तिथे पेनल्टीचा मूळ खेळाशी काही तरी धागा राहतो, गेलिक फुटबॉलमध्ये तोही राहत नाही.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. सामना बरोबरीत सुटला की फेरसामना व्हायचा आणि तोही बरोबरीत सुटला की आणखी एक. या परंपरेचे सर्वांत गाजलेले पर्व १९९१ सालचे आहे. लेन्स्टर प्रांताच्या प्राथमिक फेरीत डब्लिन आणि मीथ हे शेजारी २ जून रोजी भिडले आणि बरोबरीत अडकले. आठवड्याने पुन्हा भिडले, या वेळी जादा वेळही खेळली गेली, तरी बरोबरी. तिसऱ्या सामन्यात जादा वेळेनंतर पुन्हा तेच. अखेर ६ जुलै रोजी चौथ्या सामन्यात अगदी शेवटी केविन फोली या मीथच्या बचावपटूने, ज्याच्याकडून गोलाची अपेक्षा कोणीच केली नसेल, गोल केला आणि लगोलग आलेल्या आणखी एका गुणावर मीथने २-१० विरुद्ध ०-१५ असा, म्हणजे सोळा विरुद्ध पंधरा असा विजय मिळवला. चार सामन्यांना मिळून सव्वादोन लाखांहून अधिक प्रेक्षक आले. आजही तिथली मंडळी या चार सामन्यांबद्दल ज्या प्रेमाने बोलतात ते पाहता, पेनल्टीने पहिल्याच दिवशी निकाल लावला असता तर त्या खेळाने काय गमावले असते हे सांगायला नको. मात्र या कथेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मीथला त्या मोसमात एकूण दहा सामने खेळावे लागले आणि दहाव्या सामन्यात, म्हणजे अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात, डाउनकडून ते दोन गुणांनी हरले. त्या दोन गुणांत थकव्याचा वाटा किती होता हे मोजता येणार नाही, पण तो शून्य होता असे म्हणणेही कठीण आहे.

फेरसामने मागे पडण्याचे मुख्य कारण वेळापत्रकात आहे. हे खेळाडू हौशी आहेत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर रविवारी खेळणारा माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, बँकेत किंवा बांधकामावर जातो आणि त्याला खेळण्याचे मानधन मिळत नाही. शिवाय प्रत्येक काउंटी खेळाडू हा मुळात एखाद्या गावच्या क्लबचा खेळाडू असतो, आणि पूर्वी काउंटीचे सामने सप्टेंबरअखेरपर्यंत लांबल्यामुळे क्लबच्या स्पर्धा खोळंबून राहत. २०२२ पासून काउंटीचा मोसम जुलैतच संपवण्याचे आणि उरलेले वर्ष क्लबांना देण्याचे धोरण अमलात आले. हे धोरण मला न्याय्य वाटते, कारण काउंटीकडून खेळणारे मूठभर आणि क्लबकडून खेळणारे हजारो. परंतु त्यामुळे वेळापत्रकात रिकामा रविवार उरत नाही आणि रिकाम्या रविवाराशिवाय फेरसामना होत नाही. फेरसामन्याच्या तिकीटविक्रीतून संघटनेची तिजोरी भरते, म्हणून तिला बरोबरीच हवी असते, असा टोमणा पूर्वी तिथे सर्रास मारला जाई. तो टोमणाही या बदलाने निकालात काढला, हा एक किरकोळ फायदा.

फेरसामना सर्वांत न्याय्य असतो हे गृहीतकही तपासून पाहायला हवे. २०१९ च्या अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वीच एक खेळाडू बाहेर घालवला गेल्यामुळे चौदा जणांनिशी खेळणाऱ्या डब्लिनला केरीने १-१६ अशा बरोबरीत रोखले. जिंकण्याची तशी संधी केरीला पुन्हा मिळाली नाही. पंधरवड्यात झालेल्या फेरसामन्यात पंधरा जणांचा डब्लिन संघ १-१८ विरुद्ध ०-१५ असा सहजी जिंकला आणि सलग पाचवे विजेतेपद मिळवणारा इतिहासातील पहिला संघ ठरला. डब्लिनची लोकसंख्या चौदा लाखांहून अधिक आहे, केरीची सुमारे दीड लाख. ज्याच्या राखीव बाकावरही तोडीचे खेळाडू बसलेले आहेत त्या संघाला दुसरी संधी नेहमीच अधिक लाभदायक ठरते. फेरसामना हा खेळाशी प्रामाणिक असतो, पण तो तटस्थ असतोच असे नाही.

मग झालेल्या सामन्यातूनच निकाल काढावा, उदाहरणार्थ ज्याचे गोल जास्त तो विजयी, असे सुचवणारे काही जण भेटतात. या सूचनेचा निकाल लावायला २०१६ चा अंतिम सामना पुरेसा आहे. डब्लिन २-९, मेयो ०-१५, दोघांचेही पंधरा गुण. डब्लिनचे ते दोन्ही गोल मेयोच्या खेळाडूंकडून झालेले स्वयंगोल होते. गोल मोजायचे ठरले असते तर डब्लिनच्या एकाही खेळाडूने न केलेल्या गोलांच्या बळावर डब्लिन विजेता झाला असता. आणि किती वेळा धावसंख्या केली हे मोजायचे ठरले असते तर पंधरा विरुद्ध अकरा असा मेयो जिंकला असता व १९५१ पासून सुरू असलेला त्यांचा दुष्काळ संपला असता. फेरसामन्यात मेयो एका गुणाने हरला, हे जाता जाता सांगतो. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना सव्वीस विरुद्ध सतरा चौकार-षटकारांवर इंग्लंडला देण्यात आला तेव्हा आपल्याकडे जो संताप झाला तो याच कारणाचा होता: चौकाराचे मोल धावांत एकदा मोजून झालेले असते, ते दुसऱ्यांदा मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही. गोलाचे मोल तीन गुण हे नियमाने ठरवलेले आहे. १८९२ पूर्वी एका गोलापुढे कितीही गुण फिके पडत. मग गोल पाच गुणांचा झाला आणि १८९६ मध्ये तीन गुणांचा. एवढ्या विचारांती ठरलेली किंमत बरोबरीच्या क्षणी गुपचूप वाढवणे योग्य नव्हे.

पहिली धावसंख्या करील तो विजयी, ही सुवर्ण गुणाची कल्पना ऐकायला आकर्षक आहे, पण ती या खेळाच्या गतीला मानवत नाही. वर सांगितलेल्या २०१९ च्या डब्लिन-केरी बरोबरीत दोन्ही संघांनी मिळून चौतीस वेळा धावसंख्या केली, म्हणजे सरासरी दोन-सव्वादोन मिनिटांना एक. अशा खेळात सुवर्ण गुण म्हणजे पंचाने मध्यभागी फेकलेला चेंडू कोणाच्या हाती लागला एवढाच प्रश्न. वारा ज्याच्या पाठीशी त्याचे आणखी फावते. काही काळ नियमांत ४५ मीटरवरून मुक्त किक मारण्याच्या स्पर्धेची तरतूद होती. पेनल्टीपेक्षा ती मला उजवी वाटते, कारण लांबून चेंडू खांबांमधून काढणे हे तिथले रोजचे काम आहे. २०११ चा अंतिम सामना डब्लिनला जिंकून देणारी शेवटची मुक्त किक स्टीफन क्लक्सटन या गोलरक्षकाने मारली होती. पण तीतही पळणे नाही, झुंज नाही, बचाव तर मुळीच नाही.

इथे मला आपल्या मैदानांचा विचार सुचतो. दादर-परळच्या कोणत्याही कबड्डी स्पर्धेत बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला की पंच पाच-पाच चढायांची घोषणा करतात. दोन्ही संघ पाच चढाईपटूंची नावे क्रमाने देतात, सातही खेळाडू मैदानात राहतात, बाद होणे आणि जिवंत होणे हा भाग तेवढ्यापुरता स्थगित असतो आणि केवळ गुण मोजले जातात. त्यानेही निकाल लागला नाही तर सुवर्ण चढाई. खो-खोमध्ये जादा डाव होतो आणि तोही समान सुटला तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पहिला गडी जो संघ कमी वेळात बाद करील तो विजयी. माझे एक काका खो-खोचे पंच होते. बरोबरीनंतर मैदानावर जे घडते ते खो-खोच असले पाहिजे, नाही तर नाणे उडवा आणि घरी जा, असे ते म्हणत. क्रिकेटलाही हे उशिरा का होईना उमगले. २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात डरबनला भारताने पाकिस्तानला रिकाम्या यष्ट्यांवर चेंडू मारून ३-० असे हरवले, त्याचा आनंद आपण सर्वांनी घेतला. पण फलंदाजच नसलेले ते क्रिकेट लवकरच मोडीत निघाले आणि त्याची जागा सुपर ओव्हरने घेतली, जिच्यात गोलंदाज, फलंदाज आणि क्षेत्ररक्षक सारेच असतात. कबड्डी, खो-खो आणि सुपर ओव्हर या तिन्हींत आक्रमणाला बचावाचे उत्तर आहे. गेलिक फुटबॉलने सॉकरकडे पाहण्याऐवजी या बाजूला पाहायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझी सूचना अशी. जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर प्रत्येक संघाला पाच आक्रमणे द्यावीत. आक्रमण मध्यरेषेवरून सुरू व्हावे आणि दोन्ही संघांनी एकाच गोलखांबांकडे आक्रमण करावे, म्हणजे वाऱ्याचा आणि उन्हाचा लाभ कोणा एकालाच मिळणार नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जादा वेळेत दोन्ही संघ एकाच टोकाला खेळतात ते याचसाठी. गोलाचे तीन, कमानीबाहेरून दोन आणि आतून एक, ही नेहमीचीच किंमत राहावी. चेंडू बाहेर गेला, बचाव करणाऱ्यांच्या हाती लागला, धावसंख्या झाली किंवा एक मिनिट संपले की आक्रमण संपले. मैदानात दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू असावेत, कारण पंधरा जण गोलासमोर दाटले तर आक्रमणाला वाटच उरणार नाही. या गर्दीवर उपाय म्हणूनच २०२५ पासून नेहमीच्या खेळातही प्रत्येक संघाला तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात ठेवणे बंधनकारक झाले आहे. दहा आक्रमणांना पंधरा मिनिटे पुरेशी व्हावीत, म्हणजे शूटआउटपेक्षा फारसा जास्त वेळ लागणार नाही. पाच आक्रमणांनंतरही समान स्थिती असेल तर एकेक आक्रमण वाढवत जावे, पण दोघांनाही समान संधी मिळाल्याशिवाय सामना संपवू नये.

यावर आक्षेप आहेत आणि त्यांतील एक मला खरोखर अडचणीचा वाटतो. नव्वद मिनिटे पळालेल्या हौशी खेळाडूला आणखी धावायला लावणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण, असे वैद्यकीय मंडळी म्हणतील आणि त्यांचे म्हणणे डावलता येणार नाही. निदान या आठ जणांत आधी बदललेल्या खेळाडूंनाही घेता यावे, अशी मुभा देऊन तो धोका काहीसा कमी करता येईल. दुसरा आक्षेप असा की, गोलरक्षकाची किकआउट, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना त्याने मारलेली किक, आणि तिच्यासाठी मधल्या फळीत होणारी उंच झेलांची झुंज हा या खेळाचा प्राण आहे आणि माझ्या आराखड्यात तिला जागा नाही. हे खरे आहे. परंतु पेनल्टीतही तिला जागा नाही, त्यामुळे तुलना करताना हा आक्षेप कोणाच्याच बाजूचा ठरत नाही. तिसरा प्रश्न क्रमाचा. दुसऱ्यांदा आक्रमण करणाऱ्याला किती गुण हवेत हे आधीच कळते, आणि एक गुण पुरेसा आहे की दोनसाठी लांबून मारायचे हे त्याला ठरवता येते. पहिल्या फेरीत जो आधी खेळेल तो दुसऱ्या फेरीत नंतर खेळेल, अशी अदलाबदल केली की हा लाभ बराचसा वाटला जातो. सॉकरमध्ये २०१७ मध्ये असा प्रयोग पेनल्टीच्या बाबतीत करून पाहिला गेला आणि नंतर सोडून देण्यात आला, पण तिथे फरक फक्त मनावरच्या दडपणाचा होता. इथे प्रत्यक्ष डावपेचांचा आहे.

अखिल आयर्लंड अंतिम सामन्यासाठी मात्र फेरसामनाच राहावा. त्यापुढे वेळापत्रकात अडवून धरण्यासारखे काही उरत नाही, आणि क्लबांना एखादा रविवार कमी मिळाला तर वर्षातून एकदाच, तोही क्वचित. प्रांतिक अंतिम सामन्यांबाबत मी साशंक आहे. अल्स्टरच्या विजेतेपदाची किंमत तिथल्या माणसाला विचारावी, आणि ती सलग दोन वर्षे पेनल्टीवर गमावण्याचे दुःख आर्माच्या माणसाला विचारावे. पण प्रांतिक स्पर्धेनंतर लगेच अखिल आयर्लंड स्पर्धेचे सामने सुरू होत असल्यामुळे फेरसामना घेतला तर दोन्ही संघांना विश्रांती न मिळता पुढे जावे लागते, म्हणजे न्याय एका जागी करून दुसऱ्या जागी अन्याय करावा लागतो. केवळ फुटबॉललाच हा पेच पडला आहे असेही नाही. २०२५ च्या मन्स्टर हर्लिंग अंतिम सामन्यात कॉर्कने लिमरिकला पेनल्टीवरच ३-२ असे हरवले, आणि ज्या खेळात छोटा चेंडू काठीने शंभर मीटर भिरकावला जातो त्याचा असा शेवट फुटबॉलपेक्षाही विजोड दिसतो.

नवे नियम थेट मोठ्या स्पर्धेत आणू नयेत, हा धडा गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने स्वतःच घालून दिला आहे. जिम गॅविन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कमानीचे दोन गुण आणि इतर बदल सुचवले तेव्हा ते ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रोक पार्कवर प्रांतांच्या संघांमध्ये सामने खेळवून आधी तपासले गेले. पाच आक्रमणांची पद्धतही तशीच एखाद्या मोसमपूर्व स्पर्धेत, सामना बरोबरीत सुटो वा न सुटो, प्रत्येक सामन्याच्या शेवटी खेळवून पाहता येईल. एक मिनिट पुरते की नाही, आठ खेळाडू अधिक होतात की कमी, आणि दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला खरेच किती लाभ होतो, हे वीस-पंचवीस सामन्यांत कळून येईल.